बघू, करू, विश्वासात घेऊ





आपल्याकडे गळिताचा हंगाम आणि मतांचा हंगाम बहुधा एकाच सुमाराला येतात. विधानसभेचे मतदान 2014 साली 15 ऑक्टोबरला झाले, 2019 साली 21 ऑक्टोबरला आणि 2024 साली 20 नोव्हेंबरला. इकडे बॉयलरचे अग्निप्रदीपन, गव्हाणीत पहिली मोळी, आणि तिकडे वाडीवस्तीवर प्रचाराच्या गाड्या. दोन्ही हंगामांत धूळ सारखीच उडते. फरक एवढाच की उसाचे कारखान्याच्या काट्यावर वजन होते, वजनाची पावती मिळते आणि उताऱ्याचा आकडा रोजच्या रोज फळ्यावर लागतो. उमेदवाराच्या शब्दाला काटाही नाही आणि पावतीही नाही. तो बोलतो, आपण टाळ्या वाजवतो, आणि महिन्याभराने तो नक्की काय म्हणाला होता हे गावात कोणालाच सांगता येत नाही.

सांगता येत नाही याचे कारण आपण विसराळू आहोत असे नाही. तो मुळात काही बोललेलाच नसतो. मागच्या चार-पाच निवडणुकांतली भाषणे आठवून पाहा. ‘शेतकऱ्याला न्याय मिळाला पाहिजे.’ ‘पाणीप्रश्नावर सर्वमान्य तोडगा काढू.’ ‘सर्वांना विश्वासात घेऊ.’ ‘कोणावरही अन्याय होऊ देणार नाही.’ ‘तज्ज्ञांची समिती नेमू.’ यांतल्या एकाही वाक्याला विरोध करणारा माणूस आपल्या तालुक्यात सापडेल काय? जे वाक्य पाटाच्या मुखावरल्यालाही पटते आणि टेलच्यालाही पटते, ऊसवाल्यालाही पटते आणि जिरायतवाल्यालाही पटते, त्या वाक्यात काही नसतेच. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात.

हे मी कोणा एका पक्षाविषयी लिहीत नाही. सगळ्या पक्षांचे उमेदवार मी ऐकले आहेत आणि या एका बाबतीत सगळे एकाच शाळेत शिकलेले दिसतात. ती शाळा कशी चालते हे मला ठाऊक आहे, कारण मीही एकदा त्या शाळेत जाऊन आलो आहे. तेव्हा दुसऱ्यावर बोट दाखवण्याआधी स्वतःचे सांगतो.

माझी स्वतःची गोष्ट

1987 साली कारखान्याच्या संचालक मंडळाच्या निवडणुकीत मी आमच्या गटातून पॅनेलकडून उभा होतो. वय 36. त्या वेळी आमच्या गटात एकच वाद पेटलेला होता, तो म्हणजे तोडीच्या क्रमाचा. वरच्या गावांचे म्हणणे असे की तोड लागणीच्या तारखेप्रमाणेच झाली पाहिजे. ज्याने आधी लावला त्याचा आधी तुटला पाहिजे, त्यात शेतकी खात्याने ढवळाढवळ करू नये. टेलच्या गावांचे म्हणणे असे की आम्हाला मार्चनंतर पाटाचे पाणी पोचत नाही, विहिरी तळाला जातात, तर आमचा ऊस तारखेकडे न बघता फेब्रुवारीच्या आत काढा. दोघांचेही खरे होते. पण दोघांचेही एकदम करता येणे शक्य नव्हते, कारण टोळ्या तेवढ्याच, कोयते तेवढेच.

वरच्या गावात सभा झाली तेव्हा मला विचारले, “तारखेप्रमाणे तोड होणार का?” मी म्हणालो, “सर्वांना विश्वासात घेऊन तोडीचा कार्यक्रम लावू.” टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी टेलच्या गावात विचारले, “आमचा ऊस आधी निघणार का?” मी शब्द न् शब्द तेच बोललो. तिथेही टाळ्या पडल्या. वरच्यांनी त्याचा अर्थ ‘तारखेप्रमाणे’ असा घेतला, खालच्यांनी ‘आधी काढणार’ असा घेतला. मला दोन्हीकडे मते पडली आणि मी निवडून आलो. घरी पेढे वाटले.

माझ्या मनात तेव्हा काय होते, तेही सांगतो. तारखेचाच क्रम राहील हे मला पक्के माहीत होते. मंडळातले जुने लोक तो बदलू देणार नाहीत हे दिसत होते, आणि खरे म्हणजे मलाही तोच क्रम बरा वाटत होता. पण तसे टेलच्या गावात बोललो असतो तर तिथली मते गेली असती. म्हणून ताकाला गेलो आणि भांडे लपवले.

त्या हंगामात ऊस जास्त आणि टोळ्या कमी. गाळप मेपर्यंत लांबले. टेलच्या गावातले एक वडीलधारे सभासद, त्यांना सगळे तात्या म्हणत, त्यांचा दोन एकर ऊस मेच्या दुसऱ्या आठवड्यात तुटला. तुरे येऊन गेलेले, कांड्यांना दशी पडलेली, पाचटाला काडी लागेल असे वाळण. दोन एकरांत 80 टनांची आशा होती, 35 टनांवर भागले. मी बांधावर गेलो तेव्हा मला वाटले, म्हातारा शिव्या देईल. तात्यांनी शिवी दिली नाही. ते म्हणाले, “अण्णा, तू त्या दिवशी ‘नाही जमायचं’ म्हणला असतास तरी मला राग आला नसता. मी डिसेंबरातच निम्मा गुऱ्हाळाला घातला असता, थोडा बेण्याला दिला असता, ऱ्हायलेल्यापुरतं पाणी पुरवलं असतं. तुझ्या ‘बघू’वर मी ऊस उभा ठेवला.”

या लेखात मला जे सांगायचे आहे ते सगळे तात्यांच्या या बोलण्यात आले. शेतकऱ्याला स्पष्ट ‘हो’ उपयोगी पडतो तसा स्पष्ट ‘नाही’सुद्धा उपयोगी पडतो. ‘नाही’ ऐकले की तो दुसरी वाट धरतो. मोघम ‘बघू’ मात्र त्याचे पीक खातो, कारण त्या ‘बघू’वर तो महिनोन्‌महिने थांबून राहतो. उमेदवाराचे मोघम बोलणे फुकट असते असे आपण समजतो. ते फुकट नसते. त्याचा खर्च आपल्या खात्यावर पडतो.

पाण्याचा कायदा आणि 26 दिवस

आता मोठ्या प्रश्नाकडे येतो. आपण गोदावरी खोऱ्याच्या वरच्या अंगाला. भंडारदरा 11 टीएमसीचे, निळवंडे 8 टीएमसीच्या वर, मुळा 26 टीएमसीचे, तिकडे नाशिककडे दारणा, गंगापूर आणि बाकीची धरणे. खाली पैठणला जायकवाडी, एकूण साठा 102 टीएमसीच्या वर, त्यातला उपयुक्त साठा सुमारे 76 टीएमसी. (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट.) जायकवाडीची पायाभरणी 1965 साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि 1976 साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झाले. तेव्हापासून वर पाणी किती अडवायचे आणि खाली किती सोडायचे, हा वाद आहे.

2005 साली महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. त्याच्या कलम 12 मध्ये असे आहे की टंचाईत खोऱ्यातल्या सगळ्या धरणांतील पाण्याची टक्केवारी, खरिपाचा वापर धरून, ऑक्टोबरअखेर साधारण सारखी राहिली पाहिजे. यालाच आपण समन्यायी वाटप म्हणतो. हा कायदा आपल्याच विधिमंडळात झाला. तो होत असताना आपल्या तालुक्यात त्यावर एखादी सभा झाल्याचे मला आठवत नाही. पुढे मेंढेगिरी समितीचा 2013 चा अहवाल आला. त्यातला आकडा आता शाळकरी पोरालाही पाठ आहे: 15 ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा 65 टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचे. 65 टक्के म्हणजे सुमारे 50 टीएमसी.

प्राधिकरणाने या वाटपाचा आदेश दिला तो 19 सप्टेंबर 2014 रोजी. विधानसभेचे मतदान होते 15 ऑक्टोबरला. मध्ये बरोबर 26 दिवस. आपल्या उसाच्या, फळबागेच्या, विहिरींच्या भवितव्याचा आदेश हातात, आणि दारात मते मागणारे उमेदवार. यापेक्षा चांगली वेळ कोणती? मी त्या 26 दिवसांत तीन सभांना गेलो, कान देऊन ऐकले.

पहिल्या सभेत ऐकले, “एक थेंबही खाली जाऊ देणार नाही!” मोठी टाळी. पण कायदा आहे, आदेश आहे, मग थेंब अडवणार कसा? कायदा रद्द करण्याचे विधेयक आणणार का? आणलेच तर खालच्या भागातले तुमच्याच पक्षाचे आमदार त्याला हात वर करतील का? यावर अवाक्षर नाही.

दुसऱ्या सभेत ऐकले, “समन्यायी वाटपाचं तत्त्व आम्हाला मान्य आहे, पण आपल्या भागावर अन्याय होता कामा नये.” हे म्हणजे धर्मराजाचे ‘नरो वा कुंजरो वा’. 65 टक्क्यांचा आकडा तुम्हाला न्याय वाटतो की अन्याय? अन्याय वाटत असेल तर किती असावा? सांगितले नाही.

तिसऱ्या सभेत ऐकले, “कोकणात समुद्राला जाणारं पाणी गोदावरीत वळवू आणि हा वाद कायमचा मिटवू.” पश्चिमेचे पाणी वळवायला माझा विरोध नाही. ते आले तर उत्तमच. पण ते काम पुऱ्या पिढीचे आहे. येत्या उन्हाळ्यात किती आवर्तने मिळणार, या प्रश्नाचे ते उत्तर होऊ शकत नाही. उद्याच्या पाण्यावर भरपूर बोलायचे आणि आजच्या पाण्यावर गप्प बसायचे, ही मौन पाळण्याची सर्वांत सोयीची रीत आहे.

त्यानंतर काय झाले ते आपण पाहिले. 2015 साली सुमारे 12.8 टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला. 2016 च्या सप्टेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाच्या बाजूने निकाल दिला. 2018 साली सुमारे 9 टीएमसीचा, 2023 साली सुमारे 8.6 टीएमसीचा आदेश निघाला. दर वेळी मोर्चे, दर वेळी रास्ता रोको, दर वेळी बंधाऱ्यावर पोलीस. आणि या सगळ्यामध्ये 2019 ची निवडणूक येऊन गेली, 2024 च्या दोन येऊन गेल्या. भाषणे तीच होती.

मला माझे मत विचाराल तर सांगतो. कायदा राहणार आहे. खालच्या माणसालाही तहान आहे आणि शेती आहे. आपण आकड्यावर भांडावे, वाटेत मुरणाऱ्या पाण्याचा हिशेब मागावा, खाली गेलेल्या पाण्यातून पिण्याला किती आणि उसाला किती हेही विचारावे. तिथेही ऊस आहे, कारखाने आहेत, आणि तिथले उमेदवारही हा हिशेब मांडत नाहीत. पण ‘थेंबही देणार नाही’ ही आरोळी ऐकून आडसाली लावायची, हे आपण थांबवावे. माझे हे मत कोणाला पटणार नाही. पटू नये असेही काही नाही. पण ते मत आहे, त्याच्याशी भांडता येते. ‘सर्वमान्य तोडगा’ याच्याशी भांडायचे कसे?

जुलैतली लागण, ऑक्टोबरातला हिशेब

बाहेरच्या माणसाला यात एवढे काय बिघडले असे वाटेल. आपल्याला वाटू नये. आडसाली लागण जुलै-ऑगस्टमध्ये होते आणि ती 16 ते 18 महिने रानात उभी असते. म्हणजे लावणारा माणूस एका अख्ख्या उन्हाळ्याच्या पाण्यावर पैज लावतो. जायकवाडीचा हिशेब होतो 15 ऑक्टोबरला. पाणी सुटायचे तर ते नोव्हेंबर-डिसेंबरात. तोवर बेणे जमिनीत गेलेले, सोसायटीचे कर्ज उचललेले, बेसल डोस पडलेला. मग फेब्रुवारीत कळते की उन्हाळी आवर्तन एक कमी झाले, सात नंबरचे अर्ज भरूनही ब्लॉकला पाणी पुरणार नाही.

आमदाराने किंवा होऊ घातलेल्या आमदाराने जूनमध्येच गावात येऊन सांगितले की “पाऊस लांबला आहे, खाली पाणी सोडावे लागेल अशी चिन्हे आहेत, उन्हाळ्यात दोनच आवर्तनं धरून चाला”, तर त्याला चार माणसे वाईट म्हणतील. पण शंभर माणसे आडसाली सोडून दुसरे पीक धरतील आणि वाचतील. हे त्याला माहीत नसते असे नाही. कालवा सल्लागार समितीत तो बसलेला असतो. पण वाईट बातमी आपल्या तोंडून नको, ती पाटबंधारे खात्याच्या तोंडून जाऊ दे, असा हा हिशेब असतो.

उसाच्या पाण्याचेच घ्या. राज्याच्या लागवडीखालील क्षेत्राच्या 4 टक्क्यांहूनही कमी जागेतला ऊस सिंचनाचे सुमारे 70 टक्के पाणी घेतो, असे केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगाने ऊसदराच्या अहवालात लिहिले होते. आपल्यातले अनेक जाणकार हा आकडा मानत नाहीत. ठीक आहे. पण उमेदवार काय मानतो? 2017 च्या जुलैमध्ये राज्य मंत्रिमंडळाने उसाला ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला. त्यानंतर त्या सक्तीचे काय झाले ते प्रत्येकाने आपल्या शिवारात पाहावे. ‘सक्ती हवी’ असे जाहीर सभेत म्हणणारा उमेदवार मी पाहिला नाही, आणि ‘सक्ती नको, मी ती रद्द करीन’ असे म्हणणाराही पाहिला नाही. सगळे ‘पाणी वाचवणे ही काळाची गरज’ एवढे बोलून हार गळ्यात घालून घेतात.

भावाचेही तेच

ऊसदराच्या बाबतीत तरी स्पष्ट बोलले जाते काय? 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून 14 दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के व्याज. 21 फेब्रुवारी 2022 रोजी राज्य सरकारने एफआरपी दोन टप्प्यांत देण्याचा निर्णय काढला. 2025 च्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. मधल्या काळात लोकसभा आणि विधानसभा अशा दोन निवडणुका झाल्या. एकरकमी की टप्प्याने, प्रश्न दोन शब्दांचा. उत्तर मिळत होते, “शेतकऱ्याच्या घामाला दाम मिळालाच पाहिजे.”

यात कारखान्याची अडचण खरी आहे, हे आपण मालक म्हणून जाणतो. ऊस चार-पाच महिन्यांत येतो, साखर वर्षभर विकावी लागते, मधले पैसे मालतारणाच्या कर्जातून उभे करावे लागतात आणि त्याचे व्याज शेवटी आपल्याच भावातून जाते. साखरेचा किमान विक्रीदर 2019 च्या फेब्रुवारीत किलोला 31 रुपये ठरला तेव्हा त्या हंगामाची एफआरपी 10 टक्के उताऱ्याला टनाला 2,750 रुपये होती. 2025-26 च्या हंगामासाठी ती 10.25 टक्के उताऱ्याला 3,550 ठरली. मग साखर महाग करावी का? उमेदवार गावात म्हणतो, “उसाला भाव वाढवून देऊ.” शहरात जाऊन म्हणतो, “महागाई कमी करू.” दोन्ही भाषणे एकाच दिवशी, एकाच गाडीतून. यातले एक पुरे करायचे तर दुसऱ्याला कुठे तरी मुरड घालावी लागेल, हे तो दोन्ही ठिकाणी सांगत नाही.

त्यात आपल्या भागात आणखी एक गुंता आहे. पुष्कळ वेळा उमेदवार स्वतःच एखाद्या कारखान्याचा अध्यक्ष किंवा संचालक असतो. पैसे देणाराही तोच आणि पैसे मागणाऱ्याचा प्रतिनिधीही तोच. त्याने दोन्ही टोप्या घालाव्यात, माझी हरकत नाही. पण बोलताना कोणती टोपी घातली आहे, तेवढे सांगावे.

दोष आपलाही आहे

उमेदवार असे का वागतात? भित्रे असतात म्हणून, एवढे म्हणून भागत नाही. एकाच मतदारसंघात पाटाचे मुखही असते आणि टेलही. एकाच पक्षात वरच्या धरणाचे आमदार असतात आणि जायकवाडीखालचेही. स्पष्ट बोलला की एक बाजू जाणार. आणि आपण मतदारांनी त्याला काय शिकवले आहे ते बघा.

साधारण 1995 च्या सुमारास आमच्या गावात एक उमेदवार आला होता. पारावर उभा राहून तो म्हणाला, “धरणात आहे तेवढंच पाणी आहे. मी ते वाढवू शकत नाही. ऊस थोडा कमी करा, नाहीतर तुमच्याच टेलच्या भावाची डाळिंबं मरतील.” लोकांनी ओरडून त्याला खाली बसवले. चहासुद्धा कोणी विचारला नाही. आमच्या बूथवर त्याला मोजून शंभरही मते पडली नाहीत. ओरडणाऱ्यांत मी नव्हतो, पण गप्प बसणाऱ्यांत होतो. पुढच्या निवडणुकीत आलेल्या प्रत्येक उमेदवाराने त्याच्यापासून धडा घेतला. खरे बोलणाऱ्याला आपण हाकलतो आणि गोड बोलणाऱ्याला खांद्यावर घेतो, मग आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

काही सभासद म्हणतील, राजकारणात सगळे उघड बोलून चालत नाही, आणि प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ उत्तर नसते. हे मला मान्य आहे. ज्याला एखाद्या विषयाची माहिती नाही त्याने “मला अजून ठरवता आलेलं नाही” असे सांगावे. हेसुद्धा स्पष्ट बोलणेच आहे. फक्त कोणाला विचारणार आणि कधीपर्यंत ठरवणार तेवढे जोडावे. ‘ठरले नाही’ आणि ‘सांगत नाही’ यांत फरक आहे, आणि समोर बसलेल्या शेतकऱ्याला तो लगेच कळतो.

एक वही घाला

सर्वोच्च न्यायालयाच्या 2002 आणि 2003 च्या निकालांमुळे उमेदवाराला अर्जासोबत प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. त्यात जमीन किती, सोने किती, कर्ज किती, गुन्हे किती, शिक्षण काय, सगळे असते. चांगली गोष्ट आहे. पण त्याच्या डोक्यात काय आहे, त्याचा रकाना त्यात नाही. जाहीरनामा पक्षाचा असतो आणि तो मुंबईत छापलेला असतो. वरचे धरण आणि खालचे धरण यांचा तंटा त्यात कोणी घालत नाही. तेव्हा तो रकाना आपल्यालाच आखावा लागेल.

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक गावच्या विकास सोसायटीत एक वही घालावी. निवडणूक कोणतीही असो, उमेदवार गावात आला की त्याला आधीच लिहून ठेवलेले प्रश्न एकेक करून विचारावेत. प्रश्न असे असावेत की ज्यांचे उत्तर देताना कोणीतरी नाराज होईल. माझ्या मते आजचे पाच:

1. 2005 च्या कायद्यातील समन्यायी वाटपाचे कलम राहावे, बदलावे की रद्द व्हावे? 65 टक्क्यांचा आकडा तुमच्या मते किती असावा?

2. टंचाईच्या वर्षी आधी पाणी कोणाचे कमी करणार: उसाचे, फळबागेचे की कारखानदारीचे?

3. उसाला ठिबकची सक्ती हवी की नको? हवी तर ऐपत नसलेल्याच्या खर्चाचे काय?

4. एफआरपी एकरकमी की टप्प्याने? टप्प्याने असेल तर व्याज कोण देणार?

5. साखरेचा किमान विक्रीदर वाढवण्याच्या बाजूने तुम्ही शहरातल्या सभेतही बोलाल काय?

उत्तर उमेदवाराच्या शब्दांत वहीत लिहावे, त्याला तिथेच वाचून दाखवावे, आणि उत्तर दिले नाही तर ‘उत्तर दिले नाही’ असे लिहावे. पाच वर्षांनी तो परत आला की आधी वही उघडावी. कोणाला मत द्यायचे ते ज्याने त्याने ठरवावे, वहीने नव्हे.

यात आपल्यावर एक बंधन येते. ‘नाही’ म्हणणाऱ्याला आपण खाली बसवायचे नाही. त्याचे ऐकून घ्यायचे, चहा पाजायचा, आणि मग मत द्यायचे की नाही ते घरी जाऊन ठरवायचे. हे आपल्याला जमले नाही तर वहीचा काही उपयोग नाही.

आणि हीच वही आपल्या कारखान्याच्या निवडणुकीतही काढावी, हे मी माजी संचालक म्हणून मुद्दाम लिहितो. आपल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत अहवालाचे पान उलटायच्या आत ‘मंजूर, मंजूर’ होते. ती सवयही याच आजाराची आहे. 1950 साली प्रवरानगरला पहिला सहकारी कारखाना सुरू झाला तेव्हापासून लहान लहान शेतकऱ्यांच्या भागांवर ही चळवळ उभी आहे. ज्याचा भाग आहे त्याला विचारण्याचा हक्क आहे. तो वापरला नाही तर हक्क कागदावर राहतो.

तात्या आता नाहीत. त्यांच्या मुलाने मागे एकदा जूनअखेरीला मला विचारले, “काका, पाऊस अजून धड नाही. दोन एकर आडसाली लावू का?” माझ्या तोंडावर ‘बघू’ आले होते. ते गिळले आणि म्हणालो, “माझं मत विचारशील तर नको लावू. चुकलो तर मला येऊन बोल.” तो थोडा नाराज झाला. त्याने सोयाबीन पेरले. माझा सल्ला बरोबर होता की चूक, हे वेगळे. पण त्या दिवशी त्याला थांबून राहावे लागले नाही.

उमेदवाराकडूनही आपल्याला एवढेच पाहिजे. जय सहकार.

आपला,
एक उत्पादक सभासद